शेततळ्यातील मासे धरण्यासाठी सरकता बोया

(रेडिओवरील शेती कार्यक्रमात दिलेल्या भाषणाचा मजकूर)



आज मी तुमच्याशी पिकाबद्दल बोलणार नाही. बोलणार आहे ते गळाच्या दोरीवर बांधायच्या एका लहानशा बोयाबद्दल. तुम्ही म्हणाल, गळ टाकून मासे धरणं हा पोराटोरांचा उद्योग, त्याला भाषण कशाला? पण ज्यांच्या शेतात प्लास्टिक अंथरलेलं तळं आहे आणि त्यात मासे सोडलेले आहेत, त्यांनी पंधरा मिनिटं जरूर ऐकावं. गळ चुकीचा टाकला तर प्लास्टिक फाटतं. आणि अडकलेला गळ सोडवायला कुणी उतरलं, तर जिवावर बेततं.

2016 साली राज्यात 'मागेल त्याला शेततळे' ही योजना आली आणि गावोगावी तळी दिसू लागली. तीस मीटर लांब, तीस मीटर रुंद आणि तीन मीटर खोल असं तळं आपल्या ओळखीचं झालं. पाणी मुरू नये म्हणून अनेकांनी त्यात 500 मायक्रॉनचा कागद अंथरला. पाणी आहेच तर मासेही वाढवू, म्हणून कटला, रोहू, मृगळ सोडले. हे सगळं चांगलंच झालं. पण मासे सोडणं सोपं आणि काढणं अवघड. सगळे मासे एकदम विकायचे असतील तर ओढजाळं लावावं लागतं. घरी पाहुणे आले, दोन मासे हवेत, किंवा मासे किती वाढले ते बघायचंय, एवढ्यासाठी कुणी जाळं लावत नाही. मग गळ आठवतो.

माझ्या तळ्यावर काय झालं

माझ्या घरचीच गोष्ट सांगतो. आमच्या तळ्यात मासे सोडल्यानंतरच्या पहिल्या उन्हाळ्यात माझा पुतण्या गळ घेऊन बसला. लहानपणी ओढ्यावर आम्ही जसा गळ टाकायचो तसाच त्यानं टाकला. ज्वारीच्या धाटाचा तुकडा दोरीला पक्का बांधलेला, खाली गळ. तळं खोल म्हणून त्यानं धाट काढून टाकलं आणि गळ सरळ तळाला सोडला. गळ कागदात रुतला. त्यानं ओढला, तो आणखी रुतला. मग तो उतारावरून खाली सोडवायला गेला. कागदावर शेवाळ धरलेलं होतं. पाय सटकला आणि पोरगा पाण्यात. पोहता येत होतं, पण वर चढता येईना. हात लावावा तिथून सटकत होता. नशिबानं कोपऱ्याच्या खुंटीला दोर बांधलेला होता, तो फेकला म्हणून निभावलं.

पुढं पंधरा दिवसांनी ध्यानात आलं की पाणी रोजच्यापेक्षा जास्त उतरतंय. गळाच्या जागी कागद बोटभर चिरला होता. ऐन चैत्रात डाळिंबाला पाणी कमी पडलं ते त्या एका गळापायी. त्यानंतर आमच्या घरात नियम झाला. गळ तळाला टेकू द्यायचा नाही आणि उतारावर कुणी पाय ठेवायचा नाही. हा नियम पाळायला ज्या वस्तूची मदत झाली, तो हा सरकता बोया.

पक्का बोया आणि सरकता बोया

पक्का बोया दोरीला एका जागी बांधलेला असतो. गळ दोन-तीन फुटांवर ठेवायचा असेल तोवर तो ठीक. पण गळ सात फूट खोल हवा असेल, तर बोया आणि गळ यांच्यामध्ये सात फूट दोरी लोंबते. ती फेकायची कशी? काठीला गुंतते, कपड्यात अडकते, मागे उभ्या असलेल्या माणसाला गळ लागतो. मग माणूस काठावरून पुढं सरकतो, उतारावर येतो. धोका तिथेच सुरू होतो.

सरकत्या बोयाच्या पोटातून आरपार नळी असते. दोरी त्या नळीतून मोकळी सरकते. फेकताना बोया खाली वजनापाशी येऊन बसतो, म्हणून सगळा जुडगा हातभर लांबीचाच राहतो आणि नीट फेकता येतो. पाण्यात पडल्यावर वजन दोरीला खाली ओढत नेतं, बोया वर तरंगत राहतो. दोरीवर आपण आधीच एक बारीक गाठ मारून ठेवलेली असते. ती गाठ बोयाला येऊन अडली की दोरी थांबते. म्हणजे गाठ जिथं माराल तितकाच गळ खोल जाणार, एक बोटही जास्त नाही. सगळी किमया त्या गाठीत आहे.

लागणारं सामान

बाजारात तयार सरकते बोये मिळतात. पण घरी करायलाही काही अवघड नाही. पुढील वस्तू जमवा.

1. नायलॉनचा तंगूस, 0.35 मिलिमीटर जाडीचा, पंचवीस-तीस मीटर. शिवाय गळाकडच्या टोकासाठी 0.25 मिलिमीटरचा थोडा बारीक तंगूस.
2. स्पंजच्या जुन्या चपलेचा तळ.
3. बॉलपेनची रिकामी रिफिल.
4. एक लहान मणी. रिफिलच्या तोंडात शिरणार नाही एवढा मोठा आणि भोक मात्र बारीक असलेला.
5. शिलाईचा जाड दोरा, वीतभर.
6. वजनासाठी 8 मिलिमीटरचा लोखंडी नट. हा साधारण पाच ग्रॅम भरतो. शिसं वापरू नका. शिसं विषारी आहे आणि त्याच तळ्याचं पाणी आपली जनावरं पितात.
7. सहा किंवा आठ नंबरचा गळ. गळाचा नंबर जितका मोठा तितका गळ लहान, हे लक्षात असू द्या.

गळाच्या टोकाजवळ एक उलटा काटा असतो. तो पकडीनं दाबून सपाट करून टाका. मासा त्यानं फारसा सुटत नाही, दोरी ताणलेली ठेवली म्हणजे झालं. फायदा मात्र मोठा. लहान मासा इजा न होता परत सोडता येतो, आणि गळ बोटात किंवा कागदात शिरलाच तर आला तसा निघतो.

बोया कसा करावा

चपलेच्या तळाचा तीन इंच लांब आणि अंगठ्याएवढा जाड तुकडा कापा. विटीसारखा दोन्ही टोकांना निमुळता करा. छत्रीची काडी तापवून त्याला लांबीच्या बाजूनं आरपार भोक पाडा. रिफिलचं पितळी टोक कापून टाका, आत उरलेली शाई पुसून काढा आणि नळी त्या भोकात बसवा. दोन्ही बाजूंनी पाव पाव इंच नळी बाहेर राहू द्या. नळीच्या कडा बारीक पॉलिश पेपरनं घासून गुळगुळीत करा, नाहीतर त्या तंगूस कापतील. बोयाचा वरचा अर्धा भाग लाल रंगवा म्हणजे लांबून दिसेल. घरात नखं रंगवायची बाटली असेल तर तीही चालते, पण विचारून घ्या!

ओवण्याचा क्रम

क्रम चुकला की सगळं चुकलं, म्हणून हे सावकाश वाचा.

सर्वांत आधी अडवण्याची गाठ. शिलाईचा दोरा तंगुसाला लगटून धरा आणि त्याचाच एक फास करा. मग दोऱ्याचं मोकळं टोक त्या फासातून, तंगूस आणि दोरा या दोन्हींभोवती पाच वेळा गुंडाळा. गाठ थुंकीनं ओली करा आणि दोऱ्याची दोन्ही टोकं हळूहळू ओढून आवळा. टोकं पाव इंच ठेवून कापा. ही गाठ आपोआप सरकत नाही, पण नखानं दाबून ढकलली तर सरकते. अशीच हवी.

त्यानंतर मणी ओवा. मग बोया, लाल बाजू मण्याकडे करून. मग तंगूस नटातून दोनदा फिरवून पक्का बांधा. शेवटी नटाला फूटभर बारीक तंगूस बांधून त्याच्या टोकाला गळ बांधा.

म्हणजे वरून खाली क्रम असा: गाठ, मणी, बोया, नट, गळ.

मणी विसरू नका. मणी नसेल तर गाठ नळीत शिरते आणि गळ सरळ तळाला जातो. बांधून झालं की बादलीत सोडून बघा. बोया निम्म्याहून जास्त बुडून सरळ उभा राहिला पाहिजे. बोया बुडाला तर वजन कमी करा किंवा बोया मोठा घ्या. उभाच राहिला नाही तर वजन वाढवा.

आधी खोली मोजा

गळ बांधण्याची घाई करू नका. आधी नुसता नट बांधून खोली मोजायची, आणि त्या नटाला चिंधी गुंडाळायची, म्हणजे कागदाला धार लागणार नाही. गाठ अंदाजानं ठेवा आणि फेका. बोया पाण्यावर आडवा पडून राहिला तर समजा, नट तळाला टेकलाय. गाठ नटाकडे सरकवा. बोया सरळ उभा राहिला तर नट लोंबतोय. गाठ नटापासून लांब न्या. असं दोन-चार वेळा केलं म्हणजे बोया ज्या मापाला जेमतेम उभा राहतो, ते माप सापडतं. गाठीपासून नटापर्यंतचं तेवढं अंतर म्हणजे त्या जागची खोली.

आता हिशेब करू. समजा, खोली नऊ फूट निघाली. गळ तळापासून दीड फूट वर ठेवायचाय. गळ नटाच्या खाली एक फूट लोंबतो. म्हणजे नट तळापासून अडीच फूट वर हवा. नऊमधून अडीच गेले, राहिले साडेसहा. गाठ नटापासून साडेसहा फुटांवर ठेवायची.

दोन गोष्टी ध्यानात घ्या. पहिली, तळ्याच्या बाजू उतरत्या असतात. उतार एकास एक असेल तर पाण्याच्या कडेपासून दहा फूट आत गेल्याशिवाय दहा फूट खोली मिळत नाही. तेव्हा मध्यावर मोजलेलं माप घेऊन कडेला गळ टाकला, तर तो उतारावरच्या कागदाला टेकणार. जिथं मोजलं तिथंच टाका. दुसरी, उन्हाळ्यात पाणी रोज उतरतं. मागच्या महिन्याची गाठ या महिन्यात चालणार नाही. दर खेपेला मोजा.

कोणता मासा किती खोल

एकाच तळ्यात राहतात, पण यांची पंगत वेगवेगळी. कटला वरच्या थरात खातो. त्याचं तोंडही वरच्या बाजूला वळलेलं असतं. त्याच्यासाठी गळ पाण्याच्या पृष्ठभागापासून दोन-तीन फुटांवर ठेवा. रोहू मधल्या थरातला, त्याला निम्मी खोली. मृगळ आणि सायप्रिनस हे तळाशी चरणारे. मातीच्या तळ्यात त्यांच्यासाठी गळ तळापासून चार बोटं वर ठेवला तरी चालेल. कागदाच्या तळ्यात मात्र दीड फुटाच्या खाली जाऊ नका. मृगळ थोडा कमी लागेल, लागू द्या. मृगळापेक्षा कागद महाग आहे. गवत्या मासा कडेच्या हिरव्या चाऱ्यावर येतो, त्याला लुसलुशीत गवताची पात लावून गळ उथळ ठेवावा.

आमिष साधंच. रोज जे खाद्य टाकता तेच, म्हणजे भुईमुगाची पेंड आणि भाताचा कोंडा, त्यात थोडी कणीक घालून घट्ट मळा आणि हरभऱ्याएवढी गोळी गळाला लावा. गांडूळही चालतं. रोज ठरलेल्या वेळी ठरलेल्या जागी खाद्य पडत असेल, तर मासे त्या वेळी तिथं जमतातच. आमच्या घरी खाद्याचं काम वहिनींकडं आहे. त्यांच्या बांगड्यांचा आवाज आला की पाणी हलायला लागतं. गळ टाकायची वेळ आणि जागा आम्ही त्यांनाच विचारतो.

टाकणं आणि ओढणं

बांधाच्या सपाट माथ्यावर उभे राहा, उतारावर नाही. काठी असेल तर काठीनं, नाहीतर तंगूस रिकाम्या बाटलीला गुंडाळून हातानं फेकता येतो. टाकण्याआधी आठ-दहा मीटर तंगूस गोणपाटावर सैल सोडून ठेवा. मागे कुणी नाही ना आणि वरून पंपाची विजेची तार जात नाही ना, हे बघा. बोया पाण्यात पडल्यावर लगेच तंगूस ताणू नका. ताणलात तर वजन खाली न जाता बोयाच तुमच्याकडे ओढला जाईल. तंगूस सैल सोडा, गाठ मण्याला लागेपर्यंत थांबा. बोया आडव्याचा उभा झाला की गळ आपल्या खोलीला पोचला.

आता बोया वाचायला शिका. नुसता थरथरला तर लहान मासा आमिष टोचतोय, थांबा. तिरका सरकत पाण्याखाली गेला तर ओढा. उभा बोया एकदम आडवा झाला तर माशानं आमिष वर उचललंय, तेव्हाही ओढा. ओढताना आधी ढिला तंगूस भरभर आवरून घ्या आणि मग एकच ताण द्या. बोयापाशी तंगुसाला कोन पडलेला असतो. ढिल्या दोरीला नुसता हिसका देऊन गळापर्यंत काही पोचत नाही. मासा दमला की लांब दांड्याच्या हातजाळीत घ्या. सोडून द्यायचा असेल तर आधी आपले हात ओले करा, म्हणजे माशाच्या अंगावरचा बुळबुळीत थर निघत नाही.

महिन्यातून एकदा पाच-सहा मासे असे धरून लांबी आणि वजन वहीत लिहून ठेवा. वाढ होते की नाही याचा अंदाज येतो. पण हा अंदाजच. गळाला भुकेला आणि धीट मासा आधी लागतो. सगळ्या तळ्याचा हिशेब त्यावर मांडू नका. आणि पहाटे मासे वर येऊन तोंड उघडमीट करताना दिसले, तर त्या दिवशी गळ नाही आणि खाद्यही नाही. पाण्यातला प्राणवायू कमी झालेला असतो. आधी मोटर लावून पाणी वरून फवाऱ्यासारखं पाडा.

गळ अडकला तर

सगळी काळजी घेऊनही कधीतरी गळ अडकतो. तेव्हा जोर लावू नका. तंगूस सैल करा, बांधावरून चालत समोरच्या बाजूला जा आणि तिकडून हलकेच ओढा. काटा दाबलेला असेल तर बहुधा गळ आला तसा निघतो. नाहीच निघाला, तर तंगूस लाकडाला गुंडाळून सावकाश ताणत राहा. हाताला गुंडाळू नका, हात कापेल. खालचा तंगूस बारीक असल्यामुळे तो आधी तुटतो आणि बोया परत मिळतो. मग बांधावर समोरासमोर दोन खुणा करा. पाणी उतरल्यावर ती जागा शोधून ठिगळ लावून घ्या. पण गळ सोडवायला उतरू नका. एक गळ चहाच्या कपाहून स्वस्त मिळतो. माणूस कुठल्या दुकानात मिळत नाही.

तळ्याच्या चारही कोपऱ्यांना पक्क्या खुंट्या ठोका आणि हातभर अंतरावर गाठी मारलेला जाड दोर तळापर्यंत सोडून ठेवा. फुगवलेली जुनी ट्यूब बांधावर असू द्या. तळ्याला कुंपण घाला. पोरांना गळ शिकवा, जरूर शिकवा, पण मोठं माणूस बरोबर असल्याशिवाय तळ्यावर पाठवू नका. पोहता येतं म्हणून निर्धास्त राहू नका. ओल्या कागदावर पोहणाराही चढू शकत नाही, हे आम्ही डोळ्यांनी पाहिलंय. तुटका तंगूस तिथेच टाकू नका. पाखरांचे पाय त्यात गुंततात.

आणखी एक. हाच बोया पाझर तलावावर किंवा धरणावरही चालतो. पण तिथल्या मासेमारीचा ठेका बहुतेक ठिकाणी मच्छीमार सहकारी संस्थेकडे असतो. आधी त्यांची परवानगी घ्या. पावसाळ्यात नवं पाणी आलं की मासे अंडी घालायला निघतात, त्या दिवसांत त्यांना सोडून द्या.

थोडक्यात ध्यानात ठेवा

* गाठ, मणी, बोया, नट, गळ हा क्रम मोडू नका.
* गळ बांधण्याआधी चिंधी गुंडाळलेल्या नटानं खोली मोजा. दर खेपेला मोजा.
* कागदाच्या तळ्यात गळ तळापासून दीड फूट वरच ठेवा.
* कटला वर, रोहू मध्ये, मृगळ खाली.
* पाय बांधाच्या माथ्यावर. अडकलेल्या गळामागे पाण्यात उतरायचं नाही.
* कोपऱ्याचे दोर आजच बांधा.

शेवटची ओळ वाचून पान उलटू नका. बोया रविवारी केला तरी चालेल. दोर मात्र आज संध्याकाळी, दिवेलागणीच्या आत बांधून टाका.